आधी उतार, मग चढ: ग्रँड कॅन्यनच्या पहिल्या ट्रेकची तयारी

डोंगर चढताना दम संपला तर माणूस मागे फिरतो, आणि मागची वाट उताराची असते. कॅन्यनमध्ये हिशेब उलटा असतो. पहिल्या दिवशी पाय ताजे, हवा गार, त्या उत्साहात आपण खाली उतरत जातो आणि सगळा चढ शेवटच्या दिवसासाठी शिल्लक राहतो. उतरताना कोणालाच वाटत नाही की आपण फार खोल आलो. मागे वळून वर पाहिलं की छातीत धस्स होतं.

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये गाइडसोबत, सगळं सामान पाठीवर घेऊन, तीन रात्री खाली राहायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. दरी ४४६ किलोमीटर लांब आहे, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल. त्यामुळे 'कॅन्यनचा ट्रेक' असं एकच काही नसतं. मी इथे एकच वाट धरून बोलतो, म्हणजे मुद्दे हवेत राहणार नाहीत: हर्मिट ट्रेलने उतरायचं, टोंटो ट्रेलने पूर्वेकडे चालत जायचं, ब्राइट एंजल ट्रेलने वर यायचं. मुक्काम हर्मिट क्रीक, मॉन्युमेंट क्रीक (क्रीक म्हणजे ओढा) आणि हवासुपाई गार्डन्स. एकूण चाल चाळीस किलोमीटरच्या थोडी वर. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, इथे किलोमीटर मोजून काही कळत नाही.

महिना आधी, सुट्टी नंतर

बहुतेक लोक आधी सुट्टी काढतात आणि मग त्या तारखांना ट्रेक शोधतात. इथे तसं करू नका. मार्चचा उत्तरार्ध ते मेचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात, हे दोनच काळ नवख्यांसाठी. दक्षिण रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे आणि तळाची कोलोरॅडो नदी सुमारे ७५० मीटरवर. दर ३०० मीटर उतरलं की तापमान साधारण ३ अंशांनी वाढतं. वर जॅकेट घालून कॉफी पिणारा माणूस त्याच दिवशी खाली घामाने निथळत असतो. जुलैमध्ये नदीकाठी दुपारी ४० अंशांच्या वर पारा जाणं रोजचंच. शिवाय जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाही हवा असं नाही. कितीतरी किलोमीटर दूर वर पडलेला पाऊस कोरड्या ओढ्यातून लोंढा होऊन येतो. हिवाळ्यात वरच्या वाटेवर बर्फाचा काच होतो आणि बुटांना खिळ्यांच्या साखळ्या लावाव्या लागतात. ती पहिल्या ट्रेकची गोष्ट नाही.

गाइड निवडताना

खाली रात्र काढायची तर पार्कचं परमिट लागतं, आणि ते कोणत्या रात्री कोणत्या कॅम्पवर, असं नेमकं असतं. गाइडेड ट्रेकमध्ये परमिट कंपनी काढते, आणि माझ्या मते अर्धे पैसे त्यातच वसूल होतात, कारण चांगल्या महिन्यांत मागणी प्रचंड असते. म्हणून सहा-आठ महिने आधी बोलायला लागा.

कंपनीला चार गोष्टी सरळ विचारा. पार्कमध्ये व्यावसायिक ट्रेक नेण्याची परवानगी आहे का? गाइडकडे दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं पूर्ण प्रशिक्षण आहे का? एका गाइडमागे किती माणसं? आणि खाली मोबाइल चालत नाही, तेव्हा उपग्रहावरून संपर्क करायचं साधन कोणाकडे असेल? याला गोलमोल उत्तरं आली तर दुसरीकडे जा.

त्यांच्याकडून एक तब्येतीचा फॉर्म येईल. त्यात खरं लिहा. रक्तदाबाची गोळी, जुना गुडघा, दमा, सगळं. लोकांना वाटतं की खरं लिहिलं तर नाव कापतील. चांगली कंपनी बहुतेक वेळा नाव कापत नाही, वाट बदलते किंवा चाल संथ ठेवते. आणि खरोखर नकार आलाच तर तो वर असतानाच आलेला बरा. पाच-सहाशे मीटर खाली गेल्यावर कळलं तर गाइडलाही फार काही करता येत नाही.

शरीर: चढाची नाही, उताराची तयारी

जिममध्ये ट्रेडमिल चढावर लावून चालणारे खूप भेटतात. पहिल्या दिवशी हर्मिट ट्रेल तुम्हाला ११०० मीटरच्या वर खाली नेते. ही वाट पार्क नियमित दुरुस्त करत नाही. दरड कोसळलेल्या जागी मोठ्या दगडांवरून हात टेकत उतरावं लागतं. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. हे काम त्याला शिकवलं नसेल तर दुसऱ्या सकाळी तंबूतून बाहेर येताना पाय लाकूड झालेले असतात, आणि अजून तीन दिवस बाकी असतात.

दहा-बारा आठवडे द्या. आठवड्यातून दोनदा जिने: सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा आणि तेच वजन घेऊन सावकाश उतरा. सुरुवातीला चार-पाच किलो, शेवटी बारा-तेरा. गुडघे कुरकुरायला लागले तर बाटल्या वर रिकाम्या करून उतरायची सोय आहे, म्हणूनच वजन पाण्याचं घ्यायचं. आठवड्यातून एकदा लांब चाल, आणि शेवटच्या महिन्यात किमान एकदा लागोपाठ दोन दिवस. थकलेल्या पायांनी पुन्हा चालणं हेच तिथे रोज करायचं असतं. दोन काठ्यांची सवयही आत्ताच करून घ्या, उतारावर त्या गुडघ्यांचा बराच भार उचलतात.

बूट आणि पाय

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. दुकानात मोजा घालून, पायरीवरून उतरून बघा. बोटं पुढे आपटली तर तो बूट तुमचा नाही. निघण्याआधी त्यात शंभर किलोमीटर तरी चाला. आदल्या रात्री नखं काढा, विसरू नका. अंगठ्याचं वाढलेलं नख चार तासांच्या उतारात काळंनिळं पडतं.

टाचेत जळजळ सुरू झाली की तिथेच थांबायचं. मी पहिल्या दिवशी ती गाइडपासून लपवली. सगळे चालत होते, माझ्यामुळे कशाला खोळंबा, असं वाटलं. सांता मारिया झऱ्यापाशी छोटी निवाऱ्याची जागा आहे, तिथे दहा मिनिटं होती. तेव्हाच बूट काढला असता तर टेपच्या एका पट्टीत काम झालं असतं. संध्याकाळी मोजा सोलून काढला तर रुपयाएवढा फोड फुटलेला. गाइड रागावली नाही. तिने जखम धुतली, टेप लावली आणि एवढंच म्हणाली, की तुमचे पाय कसे आहेत हे कळलं नाही तर मला कोणालाच नीट वर नेता येणार नाही. उरलेले तीन दिवस मी दर थांब्यावर न विचारता पायांचा हाल सांगत गेलो.

सॅक

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाइड ताडपत्री अंथरून प्रत्येकाला सॅक रिकामी करायला सांगते. तो तास महत्त्वाचा आहे. आमच्या ताडपत्रीवर एक जीन्स, दोन मोठे टॉवेल, डिओडरंट, साबणाची पूर्ण वडी आणि पाचशे पानांचं एक पुस्तक निघालं. सगळं गाडीत राहिलं. चार दिवसांत कोणाला त्यातल्या एकाही वस्तूची आठवण झाली नाही.

तंबू, स्टोव्ह, भांडी, जेवण सहसा कंपनीचं असतं, पण त्यातला वाटा तुमच्याच पाठीवर येतो, म्हणून सॅकमध्ये वरचा तिसरा भाग मोकळा ठेवून या. पाणी धरून एकूण वजन तुमच्या वजनाच्या चौथ्या भागाच्या आत बसवा. हलकी स्लीपिंग बॅग, मॅट, एक गरम थर, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, मोज्यांचे तीन जोड, रुंद काठाची टोपी, गळ्यापर्यंत बंद होणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हेडलॅम्प, शिट्टी. डोंगरात सुती कपडे नकोत असं सगळीकडे शिकवतात आणि थंडीत ते बरोबरच आहे. पण इथल्या कोरड्या उन्हात सुती शर्ट ओढ्यात बुचकळून तसाच अंगात घातला की तो वाळेपर्यंत शरीर थंड ठेवतो. चालताना सुती, रात्री कोरडा सिंथेटिक.

पाणी, आणि पाण्याइतकंच मीठ

इथे घाई करू नका, हा भाग दोनदा वाचा.

चार लिटर पाणी वाहून नेण्याची सोय हवी, म्हणजे चार किलो फक्त पाणी. एक नळीची पिशवी आणि शिवाय बाटल्या, कारण पिशवी फाटते आणि आत किती उरलंय ते दिसत नाही. कोरड्या हवेत घाम निघता क्षणी उडून जातो. अंग ओलं होत नाही, म्हणून आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं. खांद्याच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठलेल्या दिसतील, तो तुमचा घाम.

घाबरून नुसतं पाणी ढोसत राहणंही तितकंच धोक्याचं आहे. घामातून मीठ जात असतं, वरून साधं पाणी भरलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, पुन्हा पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ लघवी: दिसायला हा उन्हाचाच त्रास वाटतो, आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. त्यातून झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. म्हणून नियम एकच: प्याल तेव्हा खा. दर अर्ध्या-पाऊण तासाला खारे शेंगदाणे, खारी बिस्किटं, चिप्स, असं काहीतरी. बाटलीआड एका बाटलीत इलेक्ट्रोलाइटची पूड. उन्हात भूक मरते, गोड तर नकोसंच होतं, त्यामुळे खारट खाऊ भरपूर घ्या आणि आवडीचा घ्या. 'चांगला पौष्टिक' म्हणून आणलेला खाऊ मी तसाच परत नेताना पाहिला आहे.

कुठलं पाणी प्यायचं हे गाइड ठरवेल, आणि त्याला ठोस कारण आहे. टोंटो ट्रेलवर तिसऱ्या दिवशी हॉर्न क्रीक लागतो. पाणी वाहत असलं तर नितळ दिसतं, तुम्ही तहानलेले असता. ते पाणी घ्यायचं नाही. वर रिमपाशी ऑर्फन नावाची जुनी खाण आहे, १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथून युरेनियम काढत असत, आणि त्या बाजूचं पाणी किरणोत्सर्गी आहे. फिल्टरने किंवा उकळून तो किरणोत्सर्ग जात नाही. त्याआधीचा सॉल्ट क्रीकही भरवशाचा नाही. म्हणून मॉन्युमेंट क्रीकवरून सगळ्या बाटल्या भरूनच निघायचं.

कोलोरॅडोचं पाणी वेगळ्या प्रकारे अवघड. दुसऱ्या दिवशी दुपारी मॉन्युमेंट क्रीकच्या पात्रातून ग्रॅनिट रॅपिडपर्यंत, म्हणजे नदीच्या एका खळाळापर्यंत, उतरता येतं. वर पाऊस झालेला असला तर नदी चहासारखी दिसते आणि हा गाळ फिल्टर मिनिटात बंद पाडतो. गाइडने घडीच्या बादलीत पाणी घेतलं, खिशातून डबी काढली आणि चिमूटभर पांढरी पूड टाकून काठीने ढवळलं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर तुरटी! अर्ध्या तासात गाळाचा थर तळाशी बसला आणि वरचं पाणी फिल्टरमधून घेता आलं. त्याच काठावर एक ताकीदही लक्षात ठेवा: पाय भिजवायला कडेला बसा, पोहायला उतरू नका. नदी ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलातून सुटून येते, गारठवणारी असते, आणि ओढ तर दिसते त्याहून कितीतरी जास्त.

चालण्याचा दिवस

पहाटे अंधारातच उठणं होतं. पहिल्या उजेडात निघायचं, दहाच्या आत दिवसाची मोठी चाल संपवायची, आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत दहा ते चार सावलीत काढायचे. वेग असा हवा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं. धाप लागून शब्द तुटायला लागले की गाइडला 'थोडं हळू' म्हणा. मागच्याला नव्हे, पुढे चालणाऱ्या गाइडला.

पहिला दिवस उताराचा, त्याबद्दल लिहिलंच. दुसरा मुद्दाम छोटा असतो. अवघड म्हणाल तर तिसरा. टोंटो ट्रेल नकाशावर सपाट दिसते, पण ती प्रत्येक बाजूच्या घळीत आत शिरते, वळसा घेते आणि पुन्हा बाहेर येते. समोरचं टोक हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला तास जातो. गुडघाभर काटेरी झुडपं, झाड एकही नाही. पंधराहून अधिक किलोमीटर. नवख्यांचं मन खचतं ते इथे, पाय नंतर. मी पुढचं टोक बघणं सोडून दिलं आणि पुढच्या खाऊच्या थांब्यापर्यंतच विचार करत राहिलो.

मध्ये मॉन्युमेंट क्रीकच्या घळीत मात्र थांबा. तिथे तपकिरी, थर-थर असलेला टपीट्स वालुकाश्म काळ्या, पिळवटलेल्या विष्णू शिस्टवर टेकलेला दिसतो. होय, त्या खडकाचं नाव खरंच विष्णू आहे. वरचा सुमारे ५० कोटी वर्षांचा, खालचा १७० कोटींचा. दोन्हींवर एकाच पंजाने हात ठेवता येतो आणि मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं बोटांच्या फटीत असतात. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

कॅम्पवर

शेकोटीला पूर्ण बंदी आहे, स्वयंपाक स्टोव्हवर. रात्री सॅकमध्ये खाण्याचा कणही ठेवू नका, टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं गाइडकडच्या धातूच्या डब्यात किंवा जाळीच्या पिशवीत जातं. सॅकचे कप्पे उघडे ठेवा, नाहीतर उंदीर कापड कुरतडून आत शिरतात. डोमकावळे तर चेन उघडतात. खारूताई दिसायला गोंडस असतात पण चावतात, त्यांना भरवू नका. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटे करून आपटा, कारण इथे विंचू असतात.

शौचालय नसेल तिथे पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. कागद मात्र पुरायचा नाही, पिशवीत बांधून वर आणायचा. कोरड्या वाळवंटात तो कुजत नाही. पहिल्यांदा संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशी वाटत नाही. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीच लावू नका, आभाळ निरभ्र असलं तरी.

शेवटचा चढ

हवासुपाई गार्डन्स (२०२२ पर्यंतच्या नकाशांवर याचं नाव इंडियन गार्डन असेल) ते रिम: सात किलोमीटरच्या जरा वर अंतर आणि ९०० मीटरहून जास्त चढ. या वाटेवर ठिकठिकाणी नळ आहेत, पण ते हंगामी आहेत आणि जलवाहिनी फुटली की बंदही पडतात. आदल्या दिवशी गाइडकडून पक्कं करून घ्या.

अंतर मोजू नका, खडकाचे रंग मोजा. आधी रेडवॉल या लालसर चुनखडकाचा उभा कडा, त्यावरची जेकब्ज लॅडरची नागमोडी वळणं संपली की थ्री-माइल रेस्टहाउस. मग लाल माती-दगडाचा सुपाईचा टप्पा. मग पांढुरका कोकोनिनो वालुकाश्म, म्हणजे निम्म्याहून बरंच वर आलात. प्रत्येक रेस्टहाउसपाशी दहा मिनिटं पाय उंच करून बसा, खारट खा, शर्ट भिजवा. खेचरांचा तांडा आला तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून स्थिर उभे राहा आणि हाकणारा सांगेल तेव्हाच हला.

वरच्या दीड मैलात गर्दी सुरू होते. आंघोळ केलेली, हातात छोटी बाटली घेतलेली माणसं खाली येत असतात आणि 'अजून किती?' विचारावंसं वाटतं. विचारू नका, प्रत्येक जण वेगळं सांगतो. वरचा बोगदा दिसला की काही मिनिटंच उरलेली असतात.

रिमवर वारा असतो आणि तुम्ही घामाने भिजलेले. कोरडा शर्ट आणि गरम थर त्या सकाळी सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवलेला असू द्या. तो चढवा, बूट सैल करा, काहीतरी खारट आणि गरम खा. त्या दिवशी लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवत करू नका, आणि पुढच्या सकाळी हॉटेलचे जिने कठडा धरून उतरा.